फाल्गुनात पाल्याचीही बेगमी करा

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी खत करण्यावरचा लेख वाचला. असे लेख वर्षातून दोन-तीनदा येतात आणि मी ते कापून वहीत चिकटवते, म्हणून थोडी तक्रार करायचा हक्क मला आहे असं धरून चालते. लेखात चुकीचं काहीच नव्हतं. डबा घ्या, भोकं पाडा, ओला कचरा टाका, अधूनमधून ढवळा, दोन-तीन महिन्यांत खत तयार. मधेच एक अर्धं वाक्य होतं, 'वरून थोडा सुका पाला टाकावा.' त्या अर्ध्या वाक्यापायी माझे दोन पावसाळे वाया गेले. तो पाला थोडा लागत नाही, आणि लागतो तेव्हा मिळत नाही. मला फक्त या पाल्याबद्दल लिहायचं आहे आणि आत्ताच लिहायचं आहे, कारण आमच्या गल्लीतल्या निंबांची पानगळ सुरू झाली आहे.

मी जेवणाचे डबे करते. चौदा डबे, दोन्ही वेळचे. कॉलेजची मुलं आहेत, बदलीवर आलेले बँकेतले दोघं आहेत आणि एक आजोबा आहेत, ज्यांची मुलं पुण्याला असतात. आमचे हे एसटीत चालक होते, आता निवृत्त आहेत आणि त्यांना दमा आहे. दम्याचा संबंध पुढे येईल. गावाचं नाव लिहीत नाही. जळगाव जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव आहे एवढं पुरे. पुढचं वाचून चार गावांना ते आपलंच वाटेल, त्यात कोणा एकाची बदनामी कशाला.

चौदा डब्यांचा ओला कचरा किती निघतो, ते मी महिनाभर ताणकाट्यावर मोजलं. सरासरी चार किलो रोजचे. थंडीत जास्त, कारण फ्लॉवरचा पाला, मटाराची टरफलं, आणि भरताच्या वांग्यांची जळकी सालं असतात. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात आंब्याची सालं धरून आठ किलोवर काटा जातो. यातलं निम्म्याहून खूप जास्त पाणीच असतं, म्हणजे रोज आपण घंटागाडीत बादलीभर पाणीच चढवत असतो आणि गावाबाहेर नेऊन ओतत असतो.

घंटागाडीला दोन कप्पे आहेत, एक हिरवा, एक निळा. मी दोन बादल्या घेऊन दारात उभी राहायचे. गाडीवरचा पोरगा दोन्ही बादल्या हिरव्यातच उलट्या करायचा. एकदा अडवून विचारलं, तर म्हणाला, "मावशी, तिकडे जाऊन एकच होतं." त्या 'तिकडे'ला मी एकदा यांच्यासोबत स्कूटरवर जाऊन आले. मे महिना होता. ढिगाला कोणी काडी लावलेली दिसत नव्हती, पण मधून धूर निघत होता. कॅरीबॅगमध्ये गाठ मारून टाकलेल्या शिळ्या पोळ्या होत्या आणि दोन गाई पिशवीसकट त्या चावत होत्या. प्लास्टिकबंदी २०१८ ची, हे त्या गाईंना कोणी सांगितलेलं नसावं. भाच्याने नंतर समजावलं की ओला कचरा असा हवेवाचून दाबून ठेवला की त्यातून मिथेन वायू निघतो. तो पेटतो, आणि वातावरण तापवण्यात शंभर वर्षांच्या हिशोबाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे अठ्ठावीस पट जोरदार असतो. माझ्या बादलीतली मटाराची टरफलं तिथे जाऊन असले उद्योग करतात हे मला माहीत नव्हतं. त्या दिवसापासून ओलं घराबाहेर द्यायचं नाही असं ठरवलं.

ठरवणं सोपं होतं, कारण मला वाटलं हे तर आपल्याला येतंच. माझं माहेर यावल तालुक्यातलं. गोठ्यामागे उकिरडा होता. शेण, चुलीची राख, घरातलं झाडलोट, गुरांनी खाऊन टाकलेली कडब्याची चगळ, केळीची वाळकी पानं, सगळं त्यात जायचं. वैशाखात तो उपसून गाड्या भरून शेतात न्यायचे आणि तळाशी काळंभोर, मातीच्या वासाचं खत निघायचं. 'उकिरड्याची दैना बारा वर्षांनी फिटते' म्हणतात. आमच्या उकिरड्याची दर वैशाखात फिटायची. कोणी प्रमाण मोजत नव्हतं, ढवळत नव्हतं. मग गच्चीवर एका पिंपात ते का होऊ नये?

दोनशे लिटरचं निळं पिंप आणलं, तापवलेल्या सळईने भोकं पाडली आणि ऐन आषाढात ओलं टाकायला सुरुवात केली. नुसतं ओलं. शेजारच्या अक्का धुळ्याकडच्या, त्या पहिल्याच दिवशी जिन्यातून ओरडल्या, "काय वं, उकिर्डा गच्चीवर चढाई दिन्हा का?" मी हसले. पंधराव्या दिवशी हसू गेलं. झाकण उघडलं की नाकात आंबूस, कुजकट घाण शिरायची. खालच्या भोकातून काळं पाणी गच्चीवर पसरलं आणि पन्हाळीतून अक्कांच्या वाळत घातलेल्या धोतरावर गेलं. धोतर अक्कांच्या यजमानांचं होतं, त्यामुळे प्रकरण वाढलं. त्यात पिंपाच्या कडेने बोटाच्या पेराएवढ्या जाड, मळकट पांढऱ्या अळ्या चढताना सूनबाईने पाहिल्या. तिने तेव्हाच सांगून टाकलं, "आई, एक तर हे पिंप राहील नाही तर मी." पिंप गेलं.

(त्या अळ्या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतात, हे मला पुढे कळलं. त्या चावत नाहीत, आणि ती मोठी माशी आपल्या ताटावरही बसत नाही. उलट अळ्या कचरा भराभर खातात. सूनबाईला हे सांगून पाहिलं. तिचं मत बदललेलं नाही आणि मी आता तो विषय काढत नाही.)

दुसऱ्या वर्षी मी शहाणी झाले असं मला वाटलं. पाऊस टाळून मार्चमध्ये गांडूळखत सुरू केलं. एक किलो गांडुळं विकत आणली, ती तांबडी, बारीक, आयसेनिया फेटिडा जातीची. एप्रिलपर्यंत छान चाललं होतं. मेमध्ये आपल्याकडे काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा तुमच्याच पहिल्या पानावर फोटो असतो. ही गांडुळं पस्तिसाच्या वर तग धरत नाहीत. एका दुपारी गोणपाट उचललं तर वाफ्यावर गांडुळं वाळलेल्या शेवयांसारखी पडली होती. तीन दिवस मला शेवया करवल्या नाहीत. लेख लिहिणाऱ्यांना एवढीच विनंती, की पुण्याच्या सावलीतल्या बाल्कनीत जमलं ते खानदेशातल्या उघड्या गच्चीवर जसंच्या तसं सांगू नका. गांडुळं पाळायचीच तर जमिनीवर, दाट झाडाखाली, ओल्या गोणपाटाखाली. गच्चीवर नाही.

त्यानंतर भाचा आला. तो राहुरीच्या कृषी विद्यापीठात शिकलेला आहे. त्याने दोन्ही गोष्टी ऐकल्या आणि विचारलं, "मावशी, माहेरच्या उकिरड्यात चगळ किती असायची?" मी म्हटलं, भरपूर, गुरं धाटं कुठे खातात. तो म्हणाला, "मग ते तुझ्या पिंपात कुठे आहे?"

त्याने सांगितलं ते मी माझ्या शब्दांत लिहिते. कुजवणाऱ्या जिवाणूंना कर्ब (कार्बन) आणि नत्र (नायट्रोजन) दोन्ही लागतात, आणि पंचवीस-तीस भाग कर्बाला एक भाग नत्र असा मेळ बसला की काम चांगलं चालतं. भाजीच्या देठा-सालांत नत्र जास्त, पाणी जास्त. वाळका पाला, चगळ, भुसा, उसाचा चोथा यांत कर्ब जास्त. नुसत्या सालांचा गोळा बसतो, आतली हवा कोंडते, आणि हवेवाचून जगणारे वेगळे जिवाणू कामाला लागतात, वास त्यांचा. पाला दोन कामं करतो. मेळ बसवतो आणि मधे मधे पोकळी ठेवतो. उकिरड्यात हे प्रमाण कोणी मोजत नव्हतं कारण ते आपोआप पडत होतं, एका घमेल्यात शेण आणि दुसऱ्यात चगळ. गावातल्या घरात फक्त ओलं उरलं. सुकं दाराबाहेर रस्त्यावर पडतं आणि सकाळी सहा वाजता जाळलं जातं.

भाच्याने आणखी एक गोष्ट सांगितली. अल्बर्ट हॉवर्ड नावाचे इंग्रज शास्त्रज्ञ १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला होते. इथल्या शेतकऱ्यांचं बघून, प्रयोग करून, पालापाचोळा आणि शेण यांचे थर रचून खत करायची रीत त्यांनी बसवली. तिला जगभर 'इंदूर पद्धत' म्हणतात. हे ऐकून आमचे हे म्हणाले, "मी इंदूरची गाडी किती वर्षं चालवली, पण पोह्यांपलीकडे काही दिसलं नाही." तेच इंदूर २०१७ पासून स्वच्छ शहरांत कित्येक वर्षं सलग पहिलं आलं, आणि २०२२ पासून तिथे ओल्या कचऱ्यावर दिवसाला साडेपाचशे टनांचा गॅस-प्रकल्प चालतो. बऱ्हाणपूर ओलांडून थोडं पुढे गेलं की इंदूर. आपल्याकडून तिकडे केळी जातात, तिकडून एवढं शिकणं आलं तर काय वाईट? आणि इंदूर कशाला, आपल्या पुसदच्या ना. दे. पांढरीपांड्यांनी थोड्या शेणात भरपूर खत करायची नाडेप टाकी दिली. दहा फूट लांब, सहा रुंद, तीन उंच, आणि विटांच्या भिंतीत मुद्दाम भोकं, हवेसाठी. माझं पिंप म्हणजे त्याच टाकीची नात.

तर पाला हवा. पाला शोधायला मी निघाले श्रावणात, आणि श्रावणात वाळका पाला कुठे असणार? ओला, चिखलाने माखलेला होता. सुतार रंधा मारलेला भुसा द्यायला तयार होता, पण त्यात प्लायवुडचा भुसा मिसळलेला, डिंकाचा. तो नको असं भाचा म्हणाला. रसवंत्या बंद. रद्दीतले पुठ्ठे भिजवून फाडून घातले, त्यावर कसंबसं निभावलं. तेव्हा लक्षात आलं की ही वाळवणासारखी गोष्ट आहे. बिबड्या, कुरडया, सांडगे आपण उन्हाळ्यात करून ठेवतो ते पावसाळ्यात ऊन नसतं म्हणून. पाल्याचंही तसंच. तो पडतो माघ-फाल्गुनात आणि लागतो आषाढ-श्रावणात. मधे कोणीतरी तो पोत्यात भरून ठेवायला हवा.

आता दम्याचं. दर फाल्गुनात आमच्या यांचा त्रास वाढतो. डॉक्टर म्हणायचे हवा बदलते. हवा बदलते हे खरं, पण ती कशाने बदलते हे मला एका पहाटे दारात सडा घालताना दिसलं. गल्लीच्या तोंडाशी, ओपन स्पेसच्या भिंतीला लागून, निंबाच्या पानांचे चार ढीग पेटलेले होते. वाळका पाला भडकून जळतो तो दोन मिनिटं. खालचा दहिवराने ओलसर असतो, तो तासभर धुमसतो. तो जाड, पिवळट धूर जमिनीसरसा येतो आणि खिडकीतून थेट पलंगावर. आत यांची छाती वाजत होती.

मी तिथे गेले ती भांडायलाच. झाडणारा भाऊ पंचेचाळिशीचा असेल, खराटा टेकून उभा होता. म्हणाला, "ताई, गाडी पाला घेत नाही. जागा फार खातो, वजन काहीच भरत नाही. भरला तर ठेकेदार बोलतो, ठेवला तर मुकादम बोलतो. मी काय करू, घरी नेऊ?" माझं भांडण तिथेच संपलं. मी म्हटलं, माझ्या घरी आण.

उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे. २०१६ च्या घनकचरा नियमांत होती, आणि राष्ट्रीय हरित लवादाने त्याच वर्षी डिसेंबरात दंडही ठरवला, साधा कचरा जाळला तर ५,००० रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळला तर २५,०००. बागेतला पालापाचोळा ज्याने त्याने आपल्या आवारात वेगळा साठवावा, असंही त्या नियमांत लिहिलेलं होतं. मला या दंडाची बातमी माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे. पण दंड करायचा कोणाला? ढीग पेटवतो तो बिचारा पगारी नाही, रोजंदारीवर आहे. त्याच्याकडे आगपेटीशिवाय दुसरं साधन कोणी दिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी गुरांच्या दुकानातून सरकी ढेपेची रिकामी पोती आणली. तागाचीच घ्या, प्लास्टिकच्या गोणीत पाल्याला घाम येतो आणि बुरशी धरते. माझ्या हिशोबाने ओल्याच्या एका टोपल्याला चुरलेल्या पाल्याचं निदान एक भरगच्च टोपलं, पावसात दीड. वजनाने बघाल तर चार किलोला एक किलो. एका पोत्यात पायाने खुंदलून सात-आठ किलो बसतो. म्हणजे आषाढीपासून कार्तिकीपर्यंतच्या चार महिन्यांना सोळा पोती. चातुर्मासाची सोळा पोती, हा आकडा आता आमच्या घरात गहू-ज्वारीसारखा बोलला जातो. निंबाचं पान सगळ्यात चांगलं, बारीक असतं, चुरावं लागत नाही. पिंपळाचं चिवट आणि बदामाचं तर चामड्यासारखं. ते पोत्यात घालून पोरांना वर नाचायला सांगते. माझ्या डब्यावाल्या मुलांना त्याबद्दल रविवारी जादा शेवभाजी.

आता गच्चीवर दोन पिंपं आहेत, एक भरतं तेव्हा दुसरं मुरतं. तळाला नारळाच्या शेंड्या, वर पोतंभर पाला, मग रोजचं ओलं बारीक करून, त्यावर पाला, इतका की ओलं दिसताच कामा नये. एक साल जरी उघडं दिसलं तरी चिलटं येतात, हा माझा नियम आहे. सुरुवातीला एकदाच शेणकाल्याचं पाणी आणि आंबट ताक शिंपडलं होतं. नंतर जुनं मूठभर खतच विरजणासारखं घालते. आठवड्यातून दोनदा लांब काठीने खालीवर. ओल बघायची तर मूठभर घेऊन दाबायचं. कळण्याच्या भाकरीचा गोळा जसा नुसता धरतो, तसा गोळा धरला पाहिजे आणि बोटांतून फार तर थेंबभर पाणी यावं. धार लागली तर पाला घाला, भुगा सांडला तर पाणी.

पावसाळ्यात धार लागते, उन्हाळ्यात भुगा होतो. आपल्याकडे हा दुसरा त्रास जास्त, पण लेखांत तो कधी येत नाही. मेमध्ये पिंप आतून कोरडं पडलं की कुजणंच थांबतं; आठ दिवसांनी टाकलेली भेंडीची देठं तशीच वाळून मिळतात. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, ते खतावर ओतलं तर सूनबाई नाही, सगळं घर उठेल. म्हणून तांदळा-डाळीचं धुवण. चौदा डब्यांचं धुवण बादलीभर निघतं, ते जातं पिंपात. आणि पिंपावर भिजलेलं गोणपाट, बाजूने जुन्या साडीचा आडोसा.

चुका अजून होतात. गेल्या थंडीत भरताची पार्टी होती, कापसाच्या काड्यांवर पन्नासेक वांगी भाजली. चुलीची राख उकिरड्यात जायची या आठवणीने घमेलंभर राख एकदम पिंपात ओतली. दुसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर डोळ्यांतून पाणी. राखेच्या क्षाराने नत्राचा अमोनिया होऊन उडून जात होता, म्हणजे खताचा जीवच चालला होता. चिमूटभर, मूठभर राख ठीक. घमेलं नाही. तशाच आंब्याच्या कोयी. दोन वर्षं झाली तरी त्या कोयीच राहतात; त्या वाळवून चुलीत घालते. शेवभाजीची तर्री, मटणाची हाडं, दूध-दही पिंपात नको; उरलेला भात-पोळी मूठभर खपते, पण खोल पुरून. पण आमच्याकडे अन्न उरत नाही, उरलं तर मी डबे कसले करते. निर्माल्यातला दोरा काढून घ्या, तो काठीला गुंडाळला जातो. आणि पॅड, डायपर, ब्लेड, जुनी औषधं यांचा खताशी काही संबंध नाही. ते कागदात गुंडाळून, वर खूण करून वेगळं द्या, त्या पोराचे हात जातात त्यात.

दर अडीच-तीन महिन्यांनी एक पिंप रिकामं होतं. जाळीच्या चाळणीने चाळलं की चाळीसेक किलो निघतं. हातात घेतलं की पहिल्या पावसाचा वास. या चाळीस किलोत केळीचा मळा पिकत नाही, माझ्या भावाने ते ऐकून स्पष्टच सांगितलं, "ताई, तुझं खत माझ्या एका ओळीला पुरणार नाही." पुरणार नाहीच. पण गच्चीवर कढीपत्ता आहे, मिरच्या आहेत, आणि गेल्या भाद्रपदात न लावलेलं गिलक्याचं वेल उगवलं. पिंप छोटं, ते आतून कोमट होतं पण बी मरण्याइतकं तापत नाही. मोठा ढीग पंचावन्न-साठ अंशांवर जातो तेव्हाच बिया मरतात. तेव्हा भाजीतल्या बिया खतातून येतात. शास्त्राप्रमाणे तो दोष असेल. त्या वेलीने आश्विनापर्यंत दोन दिवसांआड चौदा डब्यांना गिलक्याची भाजी घातली, आणि अक्कांनाही. धोतराचं प्रकरण तिथे मिटलं.

आता मागणी. पत्र लिहायचं तर मागणी हवी असं आमचे हे म्हणतात. मला प्रकल्प नको, यंत्र नको, कोटींचा निधी नको. प्रत्येक वॉर्डाच्या ओपन स्पेसमध्ये चार बाय चार फुटांचा एक जाळीचा पिंजरा हवा, कोंबड्यांच्या जाळीचा चालेल, तळाला विटा. त्यात फक्त पाला. झाडणाऱ्याने तिथे टाकायचा, ज्याला हवा त्याने पोतं भरून न्यायचा. उरलेला पावसात तिथेच कुजेल आणि त्याचंही खत होईल, बागेला घालता येईल. नगरपालिकेत हे मी तोंडी सांगून आले. समोरच्या साहेबांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण ताई, पाला कोण चोरून नेईल याची काय गॅरंटी?" त्यांना काय म्हणायचं होतं ते मला अजून कळलेलं नाही. चोरून नेला तर बरंच की.

पिंजरा होईल तेव्हा होईल. पानगळ मात्र तोवर थांबणार नाही. निंब, पिंपळ दीड-दोन महिन्यांत मोकळे होतात आणि चैत्राच्या पालवीला रस्ते पुन्हा स्वच्छ दिसतात, कारण सगळं जळून गेलेलं असतं. ज्यांनी खत करून पाहिलं आणि वासाला कंटाळून सोडलं, त्यांनी या महिन्यात फक्त पोती भरावीत. बाकीचं आषाढात बघता येईल. दुमजली घर असेल तर जिन्याखाली चार पोती बसतात, माळ्यावर दोन. कोरडी जागा हवी आणि शेजारी विडी ओढणारा नको, एवढंच.

माझी सात भरली. झाडणारा भाऊ आता पहाटे ढीग पेटवत नाही, आमच्या फाटकाशी आणून ठेवतो. मी त्याला चहा देते, आणि त्याच्या घरी लावायला मागच्या खतातलं पायलीभर दिलं. यांची छाती या वर्षी कमी वाजते, निदान आमच्या गल्लीत. सोळा झाली की माझी जागा संपेल. त्यानंतर तो पाला कुठे नेईल, हे मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "शेजारच्या गल्लीत कोणी असेल तर सांगा."

कळावे,

आपली वाचक,
एक डबे करणारी,
जळगाव जिल्हा